बाबांचा खडक

बंदरावर जायचं ते भरतीला की ओहोटीला, यावर आमच्या घरात रीतसर मतदान झालं आणि बाबा तीन विरुद्ध एक असे हरले. तिसरं मत समोरच्या इन्स्पेक्टरांचं होतं. ते आमच्या घरात राहत नाहीत. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दोन्ही हात पाठीमागे बांधून संध्याकाळी आत येतात, कुकरपासून कॅलेंडरपर्यंत सगळं तपासतात आणि मत देऊन जातात. हा अधिकार त्यांना कोणी दिला हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी त्यांचं मत माझ्या बाजूने पडलं म्हणून मी तो विषय काढला नाही.

बाबा म्हणत होते, "ओहोटीला जाऊ. शनिवारी साडेतीनला पाणी वर्षातलं सगळ्यात खाली जाणार आहे. मी तक्ता बघितलाय."

"ओहोटीला बंदरात काय बघायचं?" इन्स्पेक्टर म्हणाले. "चिखल?"

"फोटोत पाणी नको का, बाबा?" ही म्हणाली.

मी कागदावर 'सकाळी ९.२०, पूर्ण भरती, आगमन' असं लिहिलं आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. दोन रेघा मारल्यावर मी सहसा मागे हटत नाही. बाबांनी भिंग उचललं, तक्त्याची घडी केली आणि "बरं," म्हणाले. त्यांचं ते "बरं" मी चाळीस वर्षं ऐकतोय. तरीही मी गाफील राहिलो.

शनिवारच का, तर सोमवारी बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "आपण प्रयत्न करू, पण नंतर दिसेलच असं मी लिहून देऊ शकत नाही." मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात आहे. लिहून न देण्याची भाषा मला चांगली कळते. घरी आल्यावर बाबांनी एकच गोष्ट मागितली. "सोमवारच्या आधी मला ते बंदर दाखव. माझा खडक मला बघायचाय."

हा खडक आमच्या घरातला सगळ्यात जुना सभासद आहे. बाबा सागरी नकाशांच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. समुद्रावर जाऊन मोजमापं घेणारे वेगळे. ते कच्चे कागद पाठवायचे आणि बाबा शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून ते सुबक शाईत उतरवायचे. चौतीस वर्षांपूर्वी या बंदराचा कच्चा कागद त्यांच्या टेबलावर आला. दोन डोंगरांच्या सोंडा समुद्रात शिरलेल्या, मधे निसर्गानेच राखून ठेवलेलं शांत पाणी, आणि त्या पाण्यात, मध्यापेक्षा जरा डावीकडे, एक तपकिरी ठिपका. साहेब म्हणाले, डाग आहे, सोडून द्या. बाबा म्हणाले, खडक आहे. वाद तीन दिवस चालला. अखेर बाबांनी तिथे खडकाची फुली मारली, बाजूला 'ओहोटीला उघडा पडतो' असं लिहिलं, आणि नकाशा छापून गेला. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाण्याच्या पेल्यासोबत हा खडक मिळतो. साहेबांपुढे न झुकलेला माणूस म्हणून बाबांची जी काही ख्याती आहे ती सगळी या एका फुलीवर उभी आहे. खडक मात्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. समुद्रही दोनदाच पाहिला होता, तोही लांबून.

तर मी योजना हाती घेतली. ऑफिसात सेवानिवृत्तीचे समारंभ मीच आखतो, त्यामुळे एक दिवसाची सहल म्हणजे डाव्या हाताचा मळ. असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "मागच्या समारंभात ज्यांचा सत्कार होता तेच यायचे राहिले होते ना?"

पहिला सल्ला वरच्या मावशींचा आला. त्यांना गाडी लागते, त्यामुळे जगातल्या प्रत्येकाला गाडी लागते. त्यांनी लिंबाच्या फोडी, कागदी पिशव्या आणि पुढच्या सीटवर नाकासमोर बघत बसायच्या सूचना दिल्या. इन्स्पेक्टरांनी दुर्बीण आणली आणि दुर्बिणीबरोबर स्वतःलाही. "दुर्बीण नाजूक आहे. दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी येतोच." घडीची खुर्चीही त्यांचीच. गाडीत चार माणसं आणि एक खुर्ची, असा हिशेब माझ्या कागदावर नव्हता. मला पुन्हा पट्टी घ्यावी लागली.

मग कळलं की जुन्या धक्क्यावर जायला पास लागतो. अर्धी रजा टाकून मी बंदर खात्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दिला. त्यात 'भेटीचा उद्देश' या रकान्यात चारच पर्याय होते: माल उतरवणे, माल चढवणे, दुरुस्ती, तपासणी.

"सहल कुठे लिहू?" मी विचारलं.

"सहल नाही."

"आम्हाला नुसतं बघायचंय."

"बघणं म्हणजे तपासणी." त्याने माझ्या हातून अर्ज घेऊन तिथे खूण केली. "तपासणी अधिकाऱ्याचं पद लिहा."

मी स्वतः सरकारी नसलो तरी खिडकीच्या आतला माणूस आहे. खिडकीच्या बाहेर उभं राहिलं की माझा आवाज बारीक होतो, आणि ते मला स्वतःलाच ऐकू येतं. मी म्हणालो, "माझे वडील. निवृत्त ड्राफ्ट्समन. तुमच्या बंदराचा नकाशा त्यांनीच काढलाय."

कारकुनाने मान वर केली. त्याच्या मागच्या भिंतीवर, पंख्याच्या वाऱ्याने फडफडत, तोच नकाशा होता. डावीकडची फुलीही होती आणि तिच्याभोवती कोणीतरी लाल पेन्सिलने वर्तुळ काढलेलं.

"हा खडक त्यांचा?" त्याच्या आवाजात आदर होता. "अहो, याचा आम्ही दर वर्षी अहवाल पाठवतो. 'खडक जैसे थे.' सलग चौतीस अहवाल आहेत. एकदाही उशीर नाही."

माझा ऊर भरून आला. "म्हणजे दर वर्षी कोणी जाऊन बघून येतं?"

"जायचं कशाला? खडक कुठे जाणार?"

त्याने शिक्का मारला. हे सगळं मी घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, खूष होतील. त्यांनी फक्त विचारलं, "चौतीस?" आणि बराच वेळ हातातलं भिंग पुसत बसले.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघायचं होतं. साडेसहाला ड्रायव्हर आला, डबे आले, खुर्ची आली, इन्स्पेक्टर दुर्बीण गळ्यात घालून आले. बाबा आंघोळीला गेले होते. सात वाजले. बाबा आंघोळीतच. मी दारावर टकटक केली. "येतो रे. केस धुतोय." बाबांच्या डोक्यावर मोजून चाळीस केस आहेत.

सव्वासातला निघालो आणि कोपऱ्यावर बाबा म्हणाले, "चष्मा राहिला." परत आलो. चष्मा घरात सापडेना. ही पलंगाखाली, मी कपाटावर, इन्स्पेक्टर आमच्या फ्रिजमध्ये. वीस मिनिटांनी बाबांनी गाडीतून हाक मारली की जुना चष्मा चालेल. मग निघालो तर डोळ्यातल्या थेंबांची बाटली राहिली. ती आणली. मग आठवलं की साडेआठची गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि चालत्या गाडीत त्यांना घास गिळवत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आम्ही त्यांना डबा खाताना बघत राहिलो. बाबा एक घास बत्तीस वेळा चावतात हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी मोजलं. चाळीस.

माझी अवस्था काय सांगू. नऊ वीसला भरती होती. समुद्र काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. मी पुढच्या सीटवर गुडघे हलवत बसलो होतो, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून ड्रायव्हरला सांगत होतो, "जरा घ्या." तो म्हणायचा, "कुठे घेऊ? समोर ट्रक आहे." मागून इन्स्पेक्टर ट्रकचा भार कायदेशीर आहे की नाही ते सांगत होते. ही म्हणाली, "अहो, पाय हलवू नका, सगळी गाडी हलतेय." मी म्हणालो की कोणालाही माझ्या नियोजनाची किंमत नाही. त्यावर ती माझ्याच ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." आमच्याकडे हे वाक्य फोनवर दिवसाला दीडशे वेळा बोलतात. त्यानंतर काहीही होत नाही, हे मला सांगायची गरज नाही आणि तिला तर अजिबात नाही.

दहाला टायर बसला. हे मात्र बाबांनी केलं नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. स्टेपनीतही हवा नव्हती. ड्रायव्हर ती घेऊन कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला आणि दीड वाजता परत आला. तेवढ्या वेळात इन्स्पेक्टर झाडाखाली खुर्ची मांडून झोपून उठले, पुन्हा झोपले, पुन्हा उठले. ही म्हणाली, "आता परत जाऊ या का?" मी पाहिलं तर बाबांचा चेहरा पार उतरला होता.

"सोमवार आहे," ते म्हणाले. एवढंच.

मी कागदाची घडी करून खिशात घातली. "जायचं," म्हणालो. आवाज मोठा निघाला, पण त्यात नियोजन काहीच नव्हतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेतीनला पाच मिनिटं कमी होती. पास बघून पहारेकऱ्याने बाबांना सलाम ठोकला, कारण पासावर 'तपासणी अधिकारी' होतं. आणि आत गेल्यावर मी जे पाहिलं त्याने माझं अवसानच गळालं. बंदरात पाणी नव्हतं. दोन सोंडांच्या मधलं ते निसर्गाने राखलेलं शांत, निळं वगैरे जे काही मी हिला तीन आठवडे वर्णन करून सांगितलं होतं, तिथे करड्या वाळूचं आणि चिखलाचं मैदान पसरलं होतं. होड्या कुशीवर लवंडल्या होत्या. पाण्याची एक बारीक पट्टी पार लांब, दीपगृहाच्या पायथ्याशी. वास येत होता तो वेगळाच. हिने नाकाला पदर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला कुठल्याही खिडकीवर उत्तर नाही.

"चिखल," इन्स्पेक्टर समाधानाने म्हणाले. "मी म्हणालो होतो."

"बाबा, सॉरी," मी म्हणालो. मला खरंच रडू येत होतं. एवढ्या मोठ्या माणसाने धक्क्यावर उभं राहून रडणं बरं दिसत नाही म्हणून मी खुर्ची उघडायला लागलो आणि तीत बोट सापडलं.

बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते सरळ धक्क्याच्या टोकाशी गेले होते. खिशातून त्यांनी चष्मा काढला. तोच, सकाळी हरवलेला. तो डोळ्यांवर चढवून ते एका सोंडेपासून दुसऱ्या सोंडेपर्यंत बोटाने मापत होते, जसं कागदावर मापावं तसं. मग बोट मधोमध आणलं, जरा डावीकडे सरकवलं आणि थांबवलं.

आता मला सकाळपासूनचं सगळं उलगडलं. आंघोळ, थेंब, चाळीस वेळा चावलेले घास. हा माणूस मतदानात हरला होता आणि तरीही, शेवटी एका टायरच्या मदतीने का होईना, त्याने आम्हाला बरोबर साडेतीनला इथे आणून उभं केलं होतं. चिडायचं मी ठरवलं होतं, पण वेळ मिळाला नाही.

"काय दिसतंय रे तिथे?" बाबांनी विचारलं. "मला सगळं जरा धुरकट आहे. तू सांग."

मी पाहिलं. तिथे सपाट वाळू होती. एक पांढरा पक्षी त्या वाळूवरून चालत गेला, थांबला, काहीतरी टोचलं आणि पुन्हा चालत गेला. ज्या जागी खडक हवा त्या जागेवरून.

मी इन्स्पेक्टरांच्या गळ्यातल्या दुर्बिणीला हात घातला. तिच्या पट्ट्याबरोबर तेही ओढले गेले. "थांबा, मी बघतो," म्हणत त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने जोरात जाहीर केलं, "काही नाही. एकदम साफ."

त्यांना तिथेच चिखलात ढकलावं असं मला वाटलं. ही पटकन म्हणाली, "वाळूखाली गेला असेल, बाबा. एवढ्या वर्षांत वाळू साचतेच." मी म्हणालो, "हो, शिवाय कोन चुकत असेल." आम्ही दोघं एवढ्या एकमताने लग्नाच्या दिवशीही बोललो नव्हतो.

थोड्या वेळाने ही इन्स्पेक्टरांना दीपगृह दाखवायच्या निमित्ताने लांब घेऊन गेली. तिला कळतं कधी काय करायचं ते. मी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि शेजारी दगडावर बसलो.

"खडक नाहीये," बाबा म्हणाले.

"नसेलही. तुम्हाला कागदावर दिसला, तुम्ही काढला. तुमची काय चूक?"

"चहा होता."

"काय?"

"तो ठिपका. चहाचा होता." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "कागद आला त्या सकाळी मी कप त्याच्यावर ठेवला होता. टेबलावर चहा आणायला बंदी होती. उचलला तर खाली ठिपका. तो आधीच होता की माझ्या कपाचा, ते मला आठवेना. खरंच आठवेना रे. आणि तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, डाग आहे. डाग म्हटलं की कोणाचा, हा प्रश्न आलाच. मी म्हणालो, खडक."

"तीन दिवस?"

"एकदा म्हटल्यावर मागे कसा येणार?" त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाले, "दर वर्षी वाटायचं, खडक असेलच. असावा. लोकांना सांगून सांगून मलाही तो दिसायला लागला होता. पण डोळे जायच्या आत एकदा बघून घ्यावं म्हटलं. असा संशय घेऊन अंधारात नव्हतं जायचं मला."

लहानपणापासून मी या माणसाच्या ताठ कण्याच्या गोष्टी ऐकत आलो होतो. शाळेत मी त्यावर निबंध लिहिला होता आणि तो वर्गात वाचून दाखवला होता. आता माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीत, चहाचा कप उचलून घाबरलेला एक चाळिशीतला कारकून बसला होता, आणि गंमत अशी की तो मला फार जवळचा वाटला. साहेब आले की माझंही असंच होतं. मी त्यांचा हात धरला. तो मी शेवटचा कधी धरला होता ते मला आठवलं नाही.

"कळवायला हवं ना रे?" बाबांनी विचारलं. "नकाशा दुरुस्त करायला हवा. त्या लोकांनी चौतीस अहवाल पाठवलेत."

मी घसा साफ केला. पाठ ताठ केली. ऑफिसातला आवाज काढला.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. खुर्ची करकरायला लागली. मलाही हसू आवरेना. पांढरा पक्षी उडून गेला. लांबून ही आणि इन्स्पेक्टर आमच्याकडे बघत होते, आणि इन्स्पेक्टरांनी दुर्बीण आमच्यावर रोखली होती.

सहाच्या सुमारास पाणी चढलं. होड्या एकेक करून सरळ झाल्या. दीपगृहापर्यंतची फेरी कागदावर होती, तेव्हा मी ती घेतलीच. सबंध दिवसात कागदाप्रमाणे झालेली ही एकच गोष्ट. होडीवाला बाबांच्याच वयाच्या आसपासचा, गप्प माणूस होता. धक्का सोडून तो सरळ निघाला, आणि बंदराच्या मध्यावर आल्यावर अचानक त्याने होडी उजवीकडे घेतली. चांगला मोठा, सावकाश वळसा.

"सरळ का नाही जात?" हिने विचारलं.

"तिथे खडक आहे," होडीवाला म्हणाला.

"तुम्ही पाहिलाय?" मी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? नकाशात आहे. माझा बापही इथूनच वळवायचा."

"वा," इन्स्पेक्टर म्हणाले, "काय अचूक वळवलं!"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. मला वाटलं, आता सांगणार. मग त्यांनी ते मिटलं, एका हाताने होडीची कड घट्ट धरली, दुसऱ्या हाताने माझा खांदा, आणि होडी वळेल तसं अंग वळवून, अगदी जपून, त्या एवढ्याशा मोकळ्या पाण्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याबरोबर झुकलो. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका कप चहाला वळसा घालून आम्ही दीपगृहाकडे गेलो, आणि येताना पुन्हा घातला.